ठाण्याच्या नौपाड्यातलं पोळी-भाजी केंद्र : आधी कडी, मग पोळी

या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो जेवायला नव्हे, काउंटरवरचा काटा बिघडला म्हणून. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करणं आणि त्यांचं वर्षाचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणीचा शिक्का, करून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं बहुतेक महापे, रबाळे, तुर्भ्याच्या एमआयडीसीतली. ठाण्यातली चार-दोन दुकानं घरी परतताना उरकतो. २०१९ चा जून होता, बाहेर धो धो पाऊस, आणि त्या दिवसांत मला रोज अकरा-बारा वेळा संडासला जावं लागत होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. जेवणाच्या रिव्ह्यूत असलं वाचायचं नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

काट्यावर पाव किलोचं स्टँडर्ड वजन ठेवलं तर त्याने २३२ ग्रॅम दाखवलं. प्लेट उचलली. खाली पीठ आणि तेलाचा थर इतका घट्ट बसला होता की प्लेट त्यावरच टेकत होती. म्हणजे पाव किलो भाजीमागे गिऱ्हाईक अठरा ग्रॅम फुकट घरी नेत होतं. हे सांगायला तोंड उघडलं आणि पोटात मुरडा आला. मुरडा आल्यापासून माझ्याकडे दीड-दोन मिनिटं असतात. त्यात विनंती, कारण, ओशाळवाणं हसू, सगळं बसवायचं असतं.

"काकू, बाथरूम आहे का हो?"

काउंटरवरच्या काकूंनी कशाला म्हणून विचारलं नाही. पिठाचा हात तसाच मागे दाखवून म्हणाल्या, "मागे. तीन पायऱ्या आहेत, जपून. कडी वर उचलून मग सरकवा."

मी परत आलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. काटा टेबलावर उलटा पडलेला, दोन गिऱ्हाइकांना त्यांनी भाजी अंदाजाने दिलेली. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही." मी खरं ते सांगितलं. खाल्लं की जावं लागतं, म्हणून कामाच्या दिवशी खातच नाही. बायको आणि डॉक्टर सोडून हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंनी वाटीत मुगाच्या डाळीची खिचडी दिली, वर तूप. त्या अठरा ग्रॅमचं मी मग सांगितलं. म्हणाल्या, "जाऊ दे, कोणीतरी खाल्लीच असेल की."

तेव्हापासून मी तिथे जेवतो. त्यांच्या काट्याचं काम अजून माझ्याकडेच आहे, हेही सांगून ठेवतो. मी कामाचे पैसे घेतो, त्या जेवणाचे घेतात. दोन्ही हिशेब वेगळे.

आजाराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण होतात, रक्त आणि आव पडते. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. टेन्शनने पोट बिघडतं ते हे नव्हे, आणि मूळव्याध तर नव्हेच. पण रक्त दिसल्यावर पहिले पाच महिने मी मूळव्याधच धरून चाललो होतो. ओळखीच्या प्रत्येकाने आपापला वैद्य सुचवला. किलोकिलोने सुरण खाऊन झाला. वजन ७१ वरून ५४ वर आलं. वर्कशॉपमध्ये प्लॅटफॉर्म काटा आहे, त्यावर रोज उभा राहायचो आणि शंका काट्यावर घ्यायचो. दोनदा स्टँडर्ड वजनं ठेवून कॅलिब्रेट केला. काटा बरोबर होता.

मग कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी. आदल्या रात्री ते लिटरवारी औषधाचं पाणी पिऊन पोट धुऊन काढायचं, ते ज्याने केलंय त्याला माहीत. निदान झालं, आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्री झोपताना त्याच औषधाचा एनिमा. हा आजार मुळापासून जात नाही. महिनोन् महिने शांत असतो आणि मग अचानक उठतो. डॉक्टर त्याला फ्लेअर म्हणतात. मी घरी "झिरो सरकला" म्हणतो. रिकाम्या काट्याने ००० दाखवायचं सोडून ०१४ दाखवायला सुरुवात केली की आम्ही हेच म्हणतो. बायकोला आता एवढं म्हटलं की कळतं. ती आमटीत तिखट घालायचं थांबते.

आता दुकान. गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्या मधल्या गल्ल्यांतल्या एका जुन्या दोन मजली इमारतीत, तळमजल्यावर. बोर्डावर नुसतं 'पोळी-भाजी केंद्र' लिहिलंय. याहून नेमका पत्ता देत नाही, कारण काकूंनीच बजावलंय की गर्दी झाली तर पोळ्या पुरणार नाहीत. शोधणाऱ्याला सापडतं, दुपारी बाराला त्या गल्लीत शिरलात की फुलक्यांचा वास येतो. मुख्य धंदा पार्सलचा. आत भिंतीला लावलेली लांब फळी आणि सहा स्टुलं, तेवढीच बसायची सोय. पंखा एक, तोही पोळ्या लाटणाऱ्या दोघी मावशींच्या डोक्यावर, आणि ते बरोबरच आहे. जेवणारा मात्र एप्रिल-मेमध्ये घामाघूम होतो.

सध्याचे दर असे : पोळी १२ रुपये, फुलका ९, भाजी पाव किलो ७० ते ८०, वरण-भात ७०, खिचडी ८०, दोन भाज्या-तीन पोळ्या-वरण-भाताचं ताट १४०. रोज एक फळभाजी असते, एक पालेभाजी किंवा उसळ. मंगळवारी तोंडली. गुरुवारी बहुतेक लाल भोपळा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटात लडबडलेली, त्या दिवशी मी जात नाही. रविवारी बंद.

चवीबद्दल माझं मत सरळ नाही. मी कुडाळकडचा. आमच्याकडे तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं होत नाही आणि आईने दर उन्हाळ्यात पाठवलेल्या मालवणी मसाल्याची पिशवी फ्रीजमध्ये न फोडलेली पडून असते, उघडायला धीर होत नाही. दुधीच्या भाजीत गूळ घालणाऱ्या लोकांवर आमचा जुना राग आहे. काकू गूळ घालतात. वांग्यात घालतात, भोपळ्यात घालतात, एकदा फरसबीतही लागला. मासे नाहीतच. तेव्हा झणझणीत काही हवं असेल तर मामलेदारची मिसळ आहे, ठाण्यात त्यासाठी कोणाला वाट दाखवावी लागत नाही. मीही वर्षातून एखाद्या वेळी, सगळं शांत असताना, बायकोच्या प्लेटमधल्या रश्श्याला पावाचं टोक लावून बघतो.

पण या दुकानाला मी एवढे मार्क देतो ते चवीसाठी नाही. इथे विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. बाहेर कुठेही विचारा, "तिखट आहे का?" उत्तर एकच : "नाही हो, काही तिखट नाही." तिखट खाणाऱ्याच्या जिभेने दिलेलं उत्तर असतं ते. एका हॉटेलात मी वेटरला तीनदा विचारून साधं वरण मागवलं आणि वाटीच्या तळाशी दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या निघाल्या. वर तो म्हणाला, "ती नुसती वासाला." काकूंना विचारलं तर त्या आधी सुनेकडे बघतात, मग सांगतात : "फोडणीत एक मिरची आहे, बियांसकट. नको घेऊ तू." किंवा "आज कूट आहे, उद्या ये." गिऱ्हाईक परत पाठवताना त्यांना काही वाटत नाही. (एकेरीवर त्या तिसऱ्या-चौथ्या भेटीतच आल्या. हाक मात्र अजून "अहो काटेवाले" हीच.)

झिरो सरकलेला असतो तेव्हा माझं ताट ठरलेलं : जास्त पाणी घालून शिजवलेला मऊ भात, मुगाचं घोटलेलं वरण, साल आणि बिया काढलेला दुधी. आतडं सोललेलं असताना चोथा कमी जाईल असं खायचं, म्हणून शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, कोबी, मटकीची उसळ, खोबऱ्याचे तुकडे बंद. दूध मला चालत नाही, दही चालतं. हे माझं. दुसऱ्याला दहीही चालत नाही. कुठल्या एका पदार्थाने हा आजार होत नाही आणि कुठल्या एका पदार्थाने जातही नाही, हे डॉक्टरांनी मला निदान सहा वेळा सांगितलं असेल, कारण मी दर वेळी नवीन पदार्थाचं नाव घेऊन जायचो. आणि शांत असताना उगाच सगळं बंद ठेवायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पहिल्या वर्षी मी भीतीने भात-वरणावरच राहिलो होतो. हिमोग्लोबिन आठवर गेलं. आता बरा असलो की मेथी खातो, तोंडली खातो, मटकी खातो. काकू पहिल्यांदा मटकी वाढताना म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांना विचारलंस ना?" मी हो म्हटल्यावर अर्धा डाव वाढला. अर्धाच.

२०२१ मध्ये मोठा फ्लेअर आला तेव्हा स्टिरॉइड घ्यावं लागलं. ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला पाचाने उतरवत आणायचं, मनाने एकदम बंद करायचं नाही. त्या दिवसांत झोप जाते, चेहरा गोल होतो आणि भूक राक्षसासारखी लागते. एका दुपारी मी तिथे नऊ फुलके खाल्ले. लाटणाऱ्या मावशी वळून बघायला लागल्या. काकू खूश : "तब्येत सुधारली हो काटेवाल्यांची, गाल वर आलेत." त्यांना कसं सांगणार की ही तब्येत नव्हे, गोळी आहे. सांगितलं नाही. दोन महिन्यांनी गाल उतरले तेव्हा त्यांनी विचारलंच, "पुन्हा काय झालं रे?" त्या वेळी मी खरं तर बरा झालो होतो.

त्यानंतर अझाथायोप्रिन सुरू झालं. ते रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवतं, म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, पेशी आणि लिव्हर बघायला. शिवाय बाहेरचं उघडं खायचं नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत, रस्त्यावरची हिरवी चटणी नाही. साधं इन्फेक्शन झालं तरी पोट तसंच वागतं आणि मग हा फ्लेअर की ते, हे शोधण्यात आठवडा जातो. इथे अन्न डोळ्यांसमोर शिजतं, दीड-दोन वाजता संपतं, संध्याकाळचं पुन्हा नवीन. दुपारची भाजी रात्री विकत नाहीत. मला चवीपेक्षा याचं महत्त्व जास्त. एक कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, शौचाचा नमुना देऊन करायची. ग्रॅममागे ते प्रथिन किती मायक्रोग्रॅम ते सांगते, त्यावरून आतड्याची सूज कळते. पन्नासच्या आत असलं की छान. माझा आकडा त्या फ्लेअरमध्ये १,१४० होता, गेल्या वेळी ६८ आला. आकडा हातात आला की मला बरं वाटतं, मग तो वाईट का असेना. धंद्याचा गुण.

काकूंनीच एकदा सांगितलं, "तुझ्यासारखा एक मुलगा येतो हो, पोटाचा." पंचविशीतला, घणसोलीला नोकरीला. त्याला क्रोन्स आहे. माझ्या आजाराचा भाऊ म्हणा, पण हा भाऊ तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही बसतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. आपल्याकडे आतड्याचा टीबीही हुबेहूब तसाच दिसतो, त्यामुळे त्याला आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, फरक पडला नाही, मग हे नाव निघालं. त्याचं लहान आतडं एका जागी अरुंद झालंय. शेंगेच्या दोऱ्या, टोमॅटोची साल, मक्याचे दाणे, असलं काही गेलं तर तिथे अडकायची भीती. त्याच्यासाठी काकूंची सून दुधी रवीने घोटून देते. पहिल्या दिवशी आम्ही दोघं शेजारच्या स्टुलांवर बसून पंधरा मिनिटं फक्त संडासांबद्दल बोललो. ऐरोलीत कुठला बरा, कुठल्या मॉलमध्ये वॉचमन अडवतो, कुठे आधी चहा घ्यावा लागतो. लोकलला संडास नसतो. ठाणे-वाशी अर्ध्या तासाची गाडी, पण आम्हाला दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली ही स्टेशनं म्हणजे उतरता येण्याच्या जागा. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरून पुलावरच्या गर्दीतून एक नंबरच्या बाहेर पडेपर्यंत जे काय होतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं : "काका, मी पूल चढताना डिजिटल घड्याळाकडे बघतच नाही." माझ्या बॅगेत वजनांच्या पेटीखाली एक जुनी पँट आणि ओले टिश्यू असतात, हे मी त्याला दाखवलं. त्याने आपली सॅक उघडून दाखवली. ट्रॅकपँट होती.

फळीवर बाजूला बसून पोळी खाणाऱ्या एका आजोबांनी हे सगळं ऐकलं आणि ताट उचलून दुसऱ्या टोकाला गेले. त्यांची चूक नाही.

उणिवा मोजायच्या तर आहेत. सुटे पैसे नसले की सूनबाई चिडते. कोथिंबीर "नको" सांगितलं तरी पडतेच, मावशींचा हात सवयीने जातो. पार्सलच्या पिशवीत वरणाचं झाकण दोनदा सुटलं, एकदा माझ्या कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटांवर सांडलं. लॉकडाऊननंतर डबे पोचवायला सुरुवात केली होती, ती वर्षभरात बंद केली. कोपरीत पूर्वेला राहणाऱ्या मला त्याचा अजून राग आहे. आणि साधा खायचा डबा म्हणून मऊ भात मागितला तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण कुकर एकच आहे. फ्लेअर काही आदल्या दिवशी सांगून येत नाही.

शेवटी ते मागचं. जेवणाच्या जागेला मी मार्क द्यायला सुरुवात तिथूनच करतो, तेव्हा नीट लिहितो. इमारतीचा सामाईक संडास आहे, दुकानाच्या मागच्या दाराबाहेर, फ्लोअरिंग जुनं पण रोज धुतलेलं. पाणी चोवीस तास, कारण वर टाकी आहे. भारतीय पद्धतीचा आहे. या आजारात माझे गुडघे मधूनमधून सुजतात, आणि साध्या दुखण्यावरच्या गोळ्या मला चालत नाहीत, तेव्हा उकिडवं बसणं हाच एक व्यायाम होतो. भिंतीला धरायला मी स्वतः एक लोखंडी दांडी बसवून दिलीय, काट्याच्या जुन्या स्टँडची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी कुरकुर केली, आता त्यांची आईच ती धरते असं ऐकलं. जेट स्प्रे नाही, बादली-मग आहे. बल्बचं बटण दाराबाहेर डाव्या हाताला. आत खुंटी आहे, बॅग टांगता येते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुळाचा कापला.

गेलात तर साडेबाराच्या आत जा, तोंडली संपते. आणि मागे जावं लागलं तर कडी आधी वर उचला, मग सरकवा. नुसती ढकलली तर लागल्यासारखी वाटते, लागत नाही.